हत्तींसाठी थायलंडला: आठवड्याचा खर्च किती, आणि पैसे जातात कुठे?

परदेशात जाऊन प्राण्यांसाठी काम करायचं, तर पगार मिळत नाही. पैसे आपणच भरायचे असतात. हे कळलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “राबायचंही आपण आणि पैसेही आपणच द्यायचे?” प्रश्न रास्त आहे. त्याचा खुलासा करायला थायलंडमधल्या चिआंग माई परिसरातली हत्ती-आश्रयस्थानं हे चांगलं उदाहरण आहे. मुंबई-पुण्याकडून जाणं सोपं, खर्च आफ्रिकेच्या मानाने आवाक्यातला, आणि फसगतीच्या जागाही तिथे भरपूर.

हे हत्ती आले कुठून?

थायलंडमधले हत्ती पिढ्यान्‌पिढ्या जंगलातून लाकूड ओढत. १९८८ च्या अखेरीस दक्षिण थायलंडमध्ये पूर आणि दरडींनी शेकडो माणसं दगावली. त्याचं खापर जंगलतोडीवर फुटलं आणि १९८९ मध्ये सरकारने लाकूडतोडीवर बंदी आणली. निर्णय योग्यच होता; पण हत्ती आणि त्यांचे माहूत एका फटक्यात बेकार झाले. हत्तीचं पोट भरायचं तर रोज पैसा हवा. तो पर्यटकांकडून आला: पाठीवरची सफर, सोंडेने काढलेली चित्रं, फुटबॉलचे खेळ.

कायद्यानेही हत्तीला फारसा आधार दिला नाही. तिथला पाळीव हत्ती १९३९ च्या ओझेवाहू जनावरांच्या कायद्याखाली येतो, म्हणजे बैल-म्हशींच्या रांगेत. तो मालकाची मालमत्ता असतो. म्हणूनच हत्तीची ‘सुटका’ करायची तर बहुतेक वेळा तो विकत घ्यावा लागतो. १९९० च्या दशकात लेक चैलर्ट यांनी चिआंग माईजवळ एलिफंट नेचर पार्क उभं केलं. आज तिथे शंभराच्या आसपास हत्ती आहेत. कुणी लाकडाच्या ओंडक्यांनी जायबंदी झालेले, कुणी आंधळे, बरेचसे म्हातारे.

तुमचे पैसे कशाला लागतात?

मोठा हत्ती दिवसाला शंभर ते दोनशे किलो खातो. शंभर हत्तींचा हिशेब केला तर रोजचा चारा दहा ते वीस टन होतो. त्यात औषधं, पशुवैद्य, माहुतांचे पगार आणि जमीन आलीच. हा खर्च पाहुण्यांच्या शुल्कातून आणि देणग्यांतून भागतो. २०२० मध्ये पर्यटन ठप्प झालं तेव्हा अनेक माहूत आपले हत्ती घेऊन पायी आपापल्या गावी परतले, कारण तळांवर चारा द्यायला पैसा उरला नव्हता.

आणि काम? बहुतेक वेळ चाऱ्याच्या कोठारात जातो. ट्रकमधून कलिंगडं, भोपळे उतरवायचे, धुवायचे, कुजलेले वेगळे काढायचे. गवत आणि मक्याची ताटं कापायची, लीद उचलायची. म्हाताऱ्या हत्तींचं जेवण वेगळं असतं. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा झिजला की कडक काही चावता येत नाही. मग त्यांच्यासाठी भोपळ्याची साल काढायची, चिकट भात शिजवून त्यात पिकलेली केळी कालवायची आणि हाताने गोळे वळायचे. बोटांना भात चिकटतो, पाठ भरून येते आणि हत्ती समोर दिसतोच असं नाही. ज्याला हे काम करताना समाधान वाटेल, त्याने जावं.

एका आठवड्याचं अंदाजपत्रक

एका माणसासाठी, साध्या राहणीचा हा अंदाज आहे. एक बाट साधारण पावणेतीन रुपये धरला आहे. निघण्यापूर्वी दर पाहून आकडे बदला.

- प्रकल्पाचं शुल्क (राहणं आणि जेवण धरून): ३५,००० ते ५५,००० रु.
- मुंबई–बँकॉक जाऊन-येऊन विमान: १८,००० ते ३०,००० रु.
- बँकॉक–चिआंग माई जाऊन-येऊन: ४,००० ते ८,००० रु.
- चिआंग माईत दोन रात्री: ३,००० ते ५,००० रु.
- प्रवास विमा: १,५०० ते ३,००० रु.
- लसी आणि डॉक्टरांचा सल्ला: २,००० ते ५,००० रु.
- गमबूट, हातमोजे, मळखाऊ कपडे: ३,००० ते ४,००० रु.

एकूण साधारण ६६,५०० ते १,१०,००० रुपये. याशिवाय १५,००० रुपये अडीनडीला बाजूला ठेवा. दोन आठवडे राहिलात तर प्रवास, लसी, कपडे यांचा खर्च तोच राहतो. वाढतं मुख्यतः शुल्क. रजा मिळत असेल तर दोन आठवडेच जा. पहिला आठवडा काम शिकण्यातच जातो, खरा उपयोग दुसऱ्या आठवड्यात होतो.

अंदाजपत्रकात न दिसणारे खर्च

*व्हिसा.* जुलै २०२४ पासून थायलंडने भारतीय पर्यटकांना ६० दिवस व्हिसाविना प्रवेश दिला. अशा सवलती बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासाची सूचना पाहा. मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्डही आधी ऑनलाइन भरावं लागतं. ते मोफत आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका. महत्त्वाचा मुद्दा पुढचा: थायलंडमध्ये बिनपगारी काम हेही काम धरलं जाऊ शकतं आणि त्याला परवाना लागू शकतो. तुमच्या कामासाठी कोणता व्हिसा चालेल, हे प्रकल्पाकडून लेखी घ्या. ‘सगळे असेच येतात’ हे उत्तर मान्य करू नका.

*पैसे पाठवणं.* बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परकीय चलनासाठी दोन ते साडेतीन टक्के आणि वर जीएसटी लागतो. भारतातल्या एजंटाकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस (आगाऊ वसूल होणारा कर) घेतला जातो. त्याचे दर अर्थसंकल्पात बदलतात, पण ही रक्कम तुमच्या आयकरात वळती होते. पावती जपून ठेवा. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर ८०जी ची करसवलत मिळत नाही.

*विमा.* स्वस्त पॉलिसीत प्राण्यांजवळचं काम वगळलेलं असू शकतं. ‘स्वयंसेवी काम’ आणि ‘प्राण्यामुळे झालेली इजा’ हे दोन्ही समाविष्ट आहेत का, ते छापील अटींत शोधा.

*लसी.* अनेक आश्रयस्थानांत भटकी कुत्रीही सांभाळतात. रेबीजची आधी घ्यायची लस आणि धनुर्वात, कावीळ, टायफॉइड याबद्दल निघण्याच्या सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटा.

खरं आश्रयस्थान ओळखायचं कसं?

वर्ल्ड ॲनिमल प्रोटेक्शन या संस्थेने २०१७ मध्ये भारतासह आशियातल्या सहा देशांत पर्यटनात वापरल्या जाणाऱ्या जवळपास तीन हजार हत्तींची पाहणी प्रसिद्ध केली. चारपैकी तीन हत्ती अत्यंत वाईट स्थितीत होते. पाटीवर ‘अभयारण्य’ लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी हे प्रश्न ई-मेलने विचारा:

- हत्तीवर बसणं, खेळ, हत्तीसोबत आंघोळ यांपैकी काही चालतं का?
- हत्तींची पैदास करता का? पिल्लं कुठून आली?
- रात्री हत्ती कुठे आणि कसे ठेवता? अंकुश वापरता का?
- माझ्या शुल्कातला किती भाग चारा, औषध आणि माहुतांवर जातो?
- माझ्या येण्याने गावातल्या कुणाचा रोजगार जातो का?

पहिल्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर तिथेच थांबा. पाहुण्याला हत्तीला हात लावता यावा म्हणून हत्तीला आधी मोडावं लागतं. पिल्लाला आईपासून तोडून, बांधून, मारून माणसाची भीती घालण्याची जुनी रीत तिथे आहे. आंघोळ निरुपद्रवी वाटते, पण रोज अनोळखी माणसांच्या टोळ्या अंगाशी येणं हत्तीला ताण देतं आणि माणसालाही धोका. जानेवारी २०२५ मध्ये फांगन्गा प्रांतातल्या एका केंद्रात आंघोळ घालताना एका स्पॅनिश विद्यार्थिनीचा हत्तीने जीव घेतला. जिथे हत्ती जवळ येत नाही, लांबूनच दाखवतात, तिथे तुमचे पैसे सत्कारणी लागतात.

सेवा आणि संवर्धन यांतला फरक

आश्रयस्थान छळातून सुटलेल्या हत्तीला उतारवयात सन्मानाने जगू देतं. हे मोठं काम आहे. पण त्याने जंगलातल्या हत्तींची संख्या वाढत नाही. आयुष्यभर माणसात राहिलेला हत्ती सहसा जंगलात सोडता येत नाही, आणि तो कुठे राहावा हा प्रश्न किती अवघड आहे हे नांदणी मठाच्या महादेवी या हत्तिणीच्या निमित्ताने २०२५ मध्ये कोल्हापूरकरांनी अनुभवलं आहे. रानटी हत्ती वाचवायचे तर त्यांची वाट, पाणी आणि शेजारचा शेतकरी सांभाळावा लागतो. आपल्याकडे दोडामार्ग-तिलारी भागात कर्नाटकातून आलेले हत्ती २००२ पासून केळी, माडाच्या बागांत शिरतात. तिथल्या बागायतदाराला भरपाई वेळेवर मिळणं, हेही हत्तीचं संवर्धनच आहे.

म्हणून माझा सल्ला असा. पहिल्यांदाच हे काम करणार असाल, तर आधी एक हंगाम इथेच द्या. कोकणातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांसोबत समुद्री कासवांची घरटी जपायला सुरुवात केली. अशा ठिकाणी पहाटे उठून, लांब उभं राहून, हात न लावता काम करायला जमतं का ते पाहा. जमलं आणि ओढ टिकली, तर थायलंडसाठी पैसे साठवा. तोवर वर दिलेले पाच प्रश्न तीन प्रकल्पांना पाठवा. ज्यांच्याकडून पंधरा दिवसांत नेमकी, लेखी उत्तरं येतील, त्यांनाच आगाऊ रक्कम द्या. बाकीच्यांकडे स्वस्त मिळालं तरी जाऊ नका.