खुब्याचं दुखणं, रक्तातलं मूळ

मी भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातली, सिकलसेलची ‘एसएस’ रुग्ण, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही हा दोष आलेली. तिशीच्या आतच माझा डावा खुबा बदलावा लागला. भाताच्या जिल्ह्यात कंबर-मांडी दुखणं ही काही बातमी नाही. रोवण्याच्या दिवसांत कुणाची दुखत नाही? म्हणूनच आमच्याकडे हा आजार लपून राहतो. अनुभवातून जे कळलं ते मांडते.

१. दुखतं कुठे, तिथे बोट ठेवा.
खुद्द खुब्याचा सांधा बिघडला की कळ बहुधा जांघेत येते. मांडी घालताना, उकिडवं बसताना, चप्पल घालायला पाय वळवताना सांधा अडतो. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल आणि त्या कुशीवर झोपवत नसेल, तर बहुतेकदा तिथले स्नायूबंध सुजलेले असतात. कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरणारी कळ बऱ्याचदा मणक्याची असते. आणखी एक चकवा आहे : खुब्याला आणि गुडघ्याला काही नसा सामाईक असल्याने खुबा बिघडला तरी गुडघाच दुखतोय असं वाटतं. माझ्या गुडघ्याचे एक्स-रे निघाले, तेलं चोळून झाली. गुडघ्याला काहीच झालेलं नव्हतं.

२. तरुण माणसाचा खुबा दुखला, तर रक्त तपासा.
साठीनंतर सांधा झिजतो, म्हातारपणी पडून मांडीच्या हाडाची मान मोडते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण विशी-तिशीत? शेजारच्या काकू म्हणायच्या, ‘‘रोवण्यात वाकून वाकून कंबर धरली असेल, बाई.’’ वाकण्याचा संबंध नव्हता, मूळ रक्तात होतं. नागपूर भागात सिकलसेल असल्याचं डॉक्टरांनी १९५८ सालीच नोंदवलं होतं. आदिवासी, बौद्ध आणि इतर अनेक समाजांत तो आहे. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच मोजक्या. पाटाच्या शेवटच्या टोकाची बांधी जशी आधी सुकते, तसा हा गोळा रक्ताविना मरतो आणि मग शरीराच्या भाराने खचतो. डॉक्टर त्याला ‘एव्हीएन’ म्हणतात. एकाच पालकाकडून दोष आलेल्या नुसत्या वाहकाला सहसा हा त्रास होत नाही. जपायचं ते रुग्णाने.

३. एक्स-रे चांगला आला म्हणजे सुटलो असं नाही.
सुरुवातीला एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. सिकलसेलच्या रुग्णाची जांघ काही आठवडे दुखत राहिली, तर एमआरआयबद्दल स्वतःहून विचारा. एका बाजूला आजार निघाला तर दुसरा खुबाही तपासून घ्या, तो बऱ्याचदा दोन्हीकडे असतो.

४. ताप आणि खुबादुखी एकत्र आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.
सांध्यात पू झालेला असू शकतो. लहान मूल अचानक लंगडू लागलं, तरी हेच. दुखणं रेंगाळत असेल, वजन घटत असेल, तर खुब्याचा क्षयही डॉक्टर तपासून बघतात.

५. झटक्यात आराम देणाऱ्या पुडीपासून लांब राहा.
बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि जास्त स्टेरॉइडने धडधाकट माणसाचाही हाच गोळा मरतो. करोनात स्टेरॉइड घेतलेल्या काही तरुणांमध्ये मुंबईच्या डॉक्टरांना २०२१ साली हा आजार आढळला होता. अति दारूनेही होतो. वेदनाशामक गोळ्या मनाने रोज घेऊ नका, सिकलसेलमध्ये किडनी आधीच नाजूक असते.

६. उपचार टप्प्यावर ठरतो.
गोळा अजून खचलेला नसेल, तर कुबडी घेऊन त्यावरचा भार कमी करतात, व्यायाम शिकवतात. काही जण हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवतात. पण सिकलसेलच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका तुलनेत, नुसता व्यायाम आणि व्यायामासह छिद्र यांत तीन वर्षांनी मोठा फरक दिसला नव्हता. म्हणून मी फिजिओथेरपीला दुय्यम मानत नाही. गावात मात्र ‘हातपाय हलवायला पैसे कशाला’ हेच ऐकायला मिळतं.

गोळा खचला आणि रात्रीची झोप उडाली, की खुबा बदलणं हाच खात्रीचा मार्ग. सिकलसेलमध्ये या शस्त्रक्रियेला जोखीम जास्त असते. आधी रक्त चढवून हिमोग्लोबिन वाढवतात. शरीरात पाणी, ऊब आणि प्राणवायू कमी पडू देत नाहीत. जंतुसंसर्गावर डोळा ठेवतात. त्यामुळे हाडाचे आणि रक्ताचे डॉक्टर एकमेकांशी बोलतील असंच रुग्णालय निवडा. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर आहे. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, एम्सही आहे. सिकलसेलचं रोजचं औषध, हायड्रॉक्सियुरियाची गोळी, चुकवू नका. तिने मेलेलं हाड जिवंत होत नाही, पण दुखण्याचे झटके कमी होतात.

७. खुब्याबरोबर घरही बदलावं लागतं.
उंच कमोड, उंच खुर्ची, खाटेखाली विटा. पाटावर बसून जेवण आणि चिखलातला रोवणा मी सोडला. गावच्या कार्यात खुर्ची मागायची सुरुवातीला लाज वाटायची. आता हक्काने मागते.

८. कागद सांभाळा.
२०१६ च्या कायद्यानुसार सिकलसेल हे दिव्यांगत्व आहे. त्याचं प्रमाणपत्र काढा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

शेवटी तपासणीबद्दल. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ पासून सुरू आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या वाचकांना एवढीच विनंती : घरात ज्यांची तपासणी राहिली असेल, त्यांना, विशेषतः लग्नाच्या वयाच्या पोरापोरींना, आशाताईंना विचारून उपकेंद्रात घेऊन जा. पहिल्या चाचणीला बोटातलं थोडंसं रक्त पुरतं.