१३,००० फुटांवरचं फ्लुइड मेकॅनिक्स

टर्मिनल व्हेलॉसिटी म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना ज्युनियर कॉलेजचं प्रॅक्टिकल आठवतं. काचेच्या उंच नळीत एरंडेल, त्यात सोडलेली स्टीलची गोळी आणि हातात स्टॉपवॉच. थोडं अंतर गेल्यावर गोळीचा वेग वाढायचा थांबतो, कारण वरच्या दिशेने लागणारा विरोध आणि तिचं वजन यांचा हिशेब जुळतो. जर्नलवर सही झाली की आपण ते विसरून जातो.

गेल्या डिसेंबरात त्या गोळीच्या जागी मी होते. नळीत एरंडेलाऐवजी दुबईची हवा होती, आणि गोळीच्या पाठीला एक इन्स्ट्रक्टर बांधलेला होता!

सेमिस्टर संपल्यावर आठ दिवस मावशीकडे गेले होते. रोज जुमेराच्या किनाऱ्यावर जायचं, शॉवर्मा खायचा आणि लोळायचं, एवढाच प्लॅन होता. पण ताईला (मावसबहीण) नोकरी लागली होती आणि तिने पहिल्या पगारातून माझी टँडेम उडी बुक करून टाकली. दोन हजार दिऱ्हमच्या वर पैसे, म्हणजे आपल्या मेसचं साधारण वर्षाचं बिल. नाही म्हणायची सोयच नव्हती. फोनवर आईला सांगितलं तर पलीकडे शांतता. मग एकच प्रश्न, "आणि नाही उघडलं तर?"

हा प्रश्न मला फार योग्य वाटला. एवढ्या चांगल्या प्रश्नाला "काही होत नाही गं" असं उत्तर देणं म्हणजे ओरलला "सर, ते असंच असतं" म्हणण्यासारखं आहे. म्हणून उडीच्या आधी दोन दिवस मी समुद्राकडे पाठ करून वाचत बसले.

आधी वेगाचं बघू. एरंडेलात विरोध वेगाच्या प्रमाणात वाढतो, हवेत मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. पोटावर आडवा पडलेला एक माणूस ताशी १९० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. टँडेममध्ये दोघं आणि सामान मिळून वजन दुपटीहून जास्त होतं, पण हवेला अडवणारं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं, कारण एक माणूस दुसऱ्याच्या वर असतो. वर्गमूळ काढलं की वेग दीडपटीच्या घरात, म्हणजे ताशी २८० किलोमीटरच्या पुढे जातो. त्या वेगाला मोठं पॅराशूट उघडलं तर कापड आणि माणसं, दोघांचेही हाल. म्हणून उडी मारल्यावर काही सेकंदांतच इन्स्ट्रक्टर मागे एक छोटं पॅराशूट सोडतो. त्याला ड्रोग म्हणतात. ते दोघांना मिळून पुन्हा १९० वर आणून ठेवतं. फुकटची शोभा वाटणारी ती छत्री खरं म्हणजे ब्रेक आहे.

आता आईचा प्रश्न. पाठीवरच्या एकाच बॅगेत दोन पॅराशूट असतात, मुख्य आणि राखीव. मुख्य नीट उघडलं नाही तर आधी ते सोडून द्यावं लागतं, नाहीतर दोन्ही एकमेकांत गुंततात. पण शेकडो किलोचा ताण असलेला पट्टा हवेत सोडवायचा कसा? बिल बूथ या अमेरिकन माणसाने १९७० च्या दशकात यावर तीन कड्यांची युक्ती काढली. मोठ्या कड्यातून मधलं, मधल्यातून लहान ओवलेलं. प्रत्येक कडं तरफेसारखं काम करून ताण कमी करत जातं. शेवटी उरलेला ताण एक बारीकसा दोरा पेलतो, आणि हँडल ओढलं की तो सुटतो. आपण फर्स्ट इयरला तरफेची गणितं करताना इतके कंटाळतो, ती इथे दोन जिवांचा भार सांभाळून असतात.

आणि इन्स्ट्रक्टरच बेशुद्ध झाला तर? त्याचाही विचार झालेला आहे. बॅगेत हवेचा दाब मोजणारं एक छोटं यंत्र असतं. हेल्मुट क्लोथ या जर्मन माणसाने बनवलेलं सायप्रेस हे त्यातलं प्रसिद्ध यंत्र १९९१ मध्ये बाजारात आलं. टँडेमसाठी सुमारे १,९०० फुटांवर आपण अजून फ्रीफॉलच्या वेगाने पडत असू, तर ते स्वतःच राखीव पॅराशूट बंद ठेवणारी दोरी कापतं. माणूस चुकेल, घाबरेल, झोपेल हे धरूनच केलेलं डिझाइन! आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे उघडलं नाही असं होतं तर!" इंजिनियरिंग समजावणं सोपं नाही.

प्रत्यक्ष उडीबद्दल थोडक्यात. पंधरा मिनिटांचं ट्रेनिंग (शरीर केळ्यासारखं मागे वाकवा, पाय मागे), मग ट्विन ऑटर विमान, खाली पाम जुमेराचं खजुराचं झाड. किनाऱ्यावर २४ अंश होतं. दर हजार मीटरला साडेसहा अंश या हिशेबाने वर शून्याच्या खाली असणार, आणि दार उघडल्यावर हिशेब बरोबर निघाला. पाळण्यात येतो तसा पोटात गोळा येईल म्हणून मी तयारीत होते. तो आला नाही. विमानाचा वेग आपल्याला आधीच मिळालेला असतो, त्यामुळे पहिल्या क्षणापासून वारा अंगावर असतो, पडल्यासारखं वाटतच नाही. दहा-बारा सेकंदांनी तर प्रवेग शून्य होतो. मग हवेच्या जाड गादीवर पालथं पडल्यासारखं, फक्त गादी प्रचंड आवाज करते. आणखी एक गंमत म्हणजे खाली हवा दाट होत जाते, म्हणून आपण पडत असतानाच हळूहळू मंदावत असतो.

मला त्या वाऱ्यात पुण्याच्या शीतल महाजन आठवल्या. २०१८ मध्ये त्यांनी थायलंडमध्ये पट्टायाला नऊवारी नेसून उडी मारली होती. साधी ओढणी घेऊन स्कूटीवर बसताना आपली तारांबळ होते. ताशी १९० च्या वाऱ्यात नऊवारी जागच्या जागी ठेवणं हा वेगळा प्रोजेक्ट आहे.

५,००० फुटांवर मुख्य पॅराशूट उघडलं. इथे मला सगळ्यात आवडलेला भाग, स्लायडर. कापडाचा एक चौकोन, चार कोपऱ्यांत चार कडी, त्यांतून सगळ्या दोऱ्या ओवलेल्या. पॅराशूट फुगायला लागलं की तो वारा खात वरच अडून राहतो आणि दोऱ्यांना एकदम फाकू देत नाही, मग सावकाश खाली घसरतो. सेकंदाला ५३ मीटरवरून ५ मीटरवर अर्ध्या सेकंदात आलो असतो तर दहापट गुरुत्वाचा दणका बसला असता. चारेक सेकंद मिळाल्यामुळे खांदे फक्त जोरात ओढले गेले. ना मोटर, ना सेन्सर. हातभर कापड!

वर फुगलेलं पॅराशूटही छत्री नसून पंख असतो. दोन थरांच्या कापडात समोरून हवा भरून तो आकार घेतो. ही कल्पना डॉमिना जॅल्बर्ट या पतंग बनवणाऱ्या माणसाने १९६४ च्या सुमारास मांडली. पंख असल्यामुळेच जमिनीजवळ दोन्ही दोऱ्या खेचून त्याची मागची कड वाकवता येते. उतरण्याचा वेग जवळजवळ संपतो, आणि आपण पाय वर करून हिरवळीवर बसतो.

ज्यांचे नातेवाईक तिकडे आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण ती बुकिंगच्या वेळी आम्हाला कोणी सांगितली नाही. ताईने शनिवारी फुजैराला स्कूबा आणि रविवारी उडी ठरवली होती. स्कूबात पाण्याच्या दाबाखाली रक्तात नायट्रोजन विरघळतो आणि बाहेर पडायला बरेच तास घेतो. १३,००० फुटांवर हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी असतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर होतं तसे बुडबुडे सांध्यांत आणि मज्जारज्जूत होऊ शकतात. डायव्हिंगनंतर साध्या प्रवासी विमानासाठीही बारा ते अठरा तास थांबायला सांगतात. तिथे केबिनमध्ये दाब राखलेला असतो, इथे तर दारच उघडं. तारकर्लीला स्कूबा करून दुसऱ्या दिवशी कुठे उंचावर जाणाऱ्यांनाही हाच नियम. आम्ही दोन फोन करून दिवस अदलाबदल केले. शनिवारी उडी, रविवारी फुजैरा, आणि परतीचं विमान मंगळवारी रात्री.