दुसऱ्यांना वाढते, स्वतः खात नाही

प्रश्न : माझ्या सतरा वर्षांच्या भाचीला डॉक्टरांनी अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा सांगितलाय. पोळीचे नखाएवढे तुकडे करत ती तासभर ताटावर बसते. आम्हाला मात्र केक करून आग्रहानं वाढते आणि दिवसभर रेसिपीचे व्हिडिओ बघते. भूकच नाही, तर हे वेड कसलं? यातून ती पूर्ण बरी होईल का?
— एक मावशी, सांगली

उत्तर : भूक असते हो. ती दाबण्यातच तिची सगळी शक्ती खर्च होते. १९४४-४५मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांच्यापैकी कुणालाही जाड होण्याची भीती नव्हती. तरी ते पाककृती जमवू लागले, घास चिवडत बसू लागले, चिडचिडे झाले, सारखे गारठू लागले. म्हणजे भाचीचं जे वागणं तुम्हाला कोड्यात टाकतं, त्यातलं बरंचसं उपासमारीतून आलेलं आहे. त्याला नखरे म्हणू नका. तिच्या आईवडिलांनाही दोष देऊ नका.

म्हणून पहिलं औषध अन्नच. उपाशी मेंदूला समजुतीच्या गोष्टी पेलत नाहीत. या वयाच्या मुलांसाठी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात रुजलेली पद्धत चांगली ठरली आहे : काय आणि किती खायचं हे काही काळ आईवडील ठरवतात, शेजारी बसून खाऊ घालतात आणि सुधारणा दिसेल तसा तो निर्णय हळूहळू मुलीकडे परत देतात. मात्र वजन फार उतरलं असेल तर घरच्या घरी एकदम भरपूर खायला घालू नका. रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदयाला धोका होतो. चक्कर येत असेल, नाडी मंद लागत असेल तर थेट रुग्णालय गाठा. हा आजार जीवही घेतो.

आता बरं होण्याबद्दल. बॉस्टनमध्ये अशा स्त्रियांचा वीसहून अधिक वर्षं मागोवा घेतला गेला. नऊ वर्षांनी सुमारे ३१ टक्के बऱ्या झालेल्या होत्या, बावीस वर्षांनी सुमारे ६३ टक्के. इतक्या उशिरानेही माणसं बरी होतात, हे मला फार मोलाचं वाटतं. लहान वयात, लवकर उपचार सुरू झाले तर आशा आणखी जास्त.

वजन आधी भरतं, जेवणाची भीती मागाहून जाते. मधल्या काळात कुणी कौतुकानं ‘भरलीस गं’ म्हटलं, तरी तिला ‘जाड झालीस’ असंच ऐकू येतं. तिच्या शरीराविषयी बोलणं टाळा. आणि तिच्या आईला दिवसातून पाच-सहा वेळा ताटाशी बसावं लागणार आहे. त्यातली काही जेवणं तुम्ही सांभाळा.