तुळापूर : जेथे इंद्रायणी आपले नाव टाकते

माउली, आळंदीस इंद्रायणीत बुडी मारलीत, पंढरीस चंद्रभागेत मारलीत. पण मधले तुळापूर कितीकांनी पाहिले? हवेली तालुक्यातले लहानसे खेडे. मुरार जगदेवांनी १६३३ साली येथे तुळादान केले, म्हणून नागरगावाचे तुळापूर झाले. ते असो. लोणावळ्याकडच्या डोंगरात उगवलेली इंद्रायणी देहू-आळंदी करीत येते नि येथे संगमेश्वरापाशी भीमेत नामरूप सोडते. शास्त्री वेदान्ताला हाच दृष्टान्त देतात. येथे तो डोळ्यांनी दिसतो. पुढे भीमा उजनीच्या धरणात अडते, सुटते, नि पंढरीस चंद्रकोरीसारखी वळली की चंद्रभागा म्हणवते. हल्ली आळंदीस पाण्यावर फेस तरंगतो. कारखान्यांचे नि वस्तीचे सांडपाणी, दुसरे काय! तेच पाणी तुळापुरावरून पंढरीच्या वाटेस लागते.