पेट्यांची रांग आणि संदेशांचा क्रम

लेखी आज्ञावलीत सामान्यतः ओळींचा क्रम हाच कामाचा क्रम असतो. चित्ररूप आज्ञावलीत मात्र पडद्यावर पेट्या मांडून त्या तारांनी जोडावयाच्या असतात. तेथील मांडणी ही केवळ शोभेची बाब आहे, असा समज होणे साहजिक आहे. ‘मॅक्स’चे उदाहरण पाहिले म्हणजे तो दूर होतो. संगीतरचनेसाठी उपयोगी पडणारी ही प्रणाली मिलर पकेट यांनी १९८०च्या दशकात पॅरिसमधील ‘इर्कॅम’ या संस्थेत निर्माण केली.

मॅक्समध्ये एकाच द्वारातून अनेक पेट्यांकडे तारा गेल्या असतील, तर संदेश प्रथम सर्वांत उजवीकडच्या पेटीस पोहोचतो व मग क्रमाने डावीकडे जातो. पेट्या एकाच उभ्या रेषेत असल्यास खालची आधी, वरची नंतर.

आता एका पेटीच्या चार प्रती काढून त्या हाताने खालोखाल मांडल्या, अशी कल्पना करा. सर्वांत वरची प्रत किंचित उजवीकडे सरकली, तरी शेवटी चालावयाची ती सर्वांआधी चालेल. तारा बरोबर जोडलेल्या दिसतील. उत्तर मात्र चुकू शकेल.

म्हणून प्रती काढताच त्या एकत्र निवडून संरेखनाच्या आज्ञेने एका रेषेत आणाव्यात. तथापि, क्रम महत्त्वाचा असेल तेथे केवळ मांडणीवर विसंबू नये. मध्ये ‘ट्रिगर’ ही पेटी घातल्यास प्रत्येक प्रतीला स्वतंत्र द्वारातून, ठरलेल्या क्रमाने संदेश मिळतो. मग एखादी प्रत रांगेबाहेर गेली, तरी कामात बिघाड होत नाही.