ऋतुवाचक शब्दांचा अनुवाद

त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन या राजधानीच्या जूनअखेरीच्या भेटीचे वर्णन मराठीत आणताना ‘मिडसमर’ला ‘भर उन्हाळा’ म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. भर उन्हाळा म्हटला की माहुलच्या वाचकाला वैशाखातील तापलेले खाजण दिसते. त्रिनिदादचा कोरडा ऋतू मात्र जानेवारी ते मे असा असून जूनमध्ये तेथे पाऊस सुरू होतो. मग ‘भर पावसाळा’ म्हणावे काय? तेही नेमके नाही. तेथे आपल्यासारखी आषाढझड नसते. सर कोसळते, पुन्हा ऊन तापते. मुळात ‘मिडसमर’ हा शब्दच तेथे युरोपातून गेलेला! डेरेक वॉलकॉट यांच्या ‘मिडसमर’ (१९८४) या संग्रहाचे शीर्षक अनुवादित करतानाही हाच पेच पडेल. गद्यात मात्र ‘जूनअखेरीचे ऊन-पावसाचे दमट दिवस’ असे सविस्तर लिहिता येते.