किरणोपचारानंतरचे दांपत्यजीवन : एक न विचारला जाणारा प्रश्न



आमच्या परिचयातील एका गृहस्थांना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाला. शेक घेतला, जीव वाचला. परंतु दोन वर्षांनी त्यांनी आपली खाट ओसरीत टाकली. पत्नीला वाटले, आपलेच काही चुकले. खरे कारण त्यांना माहीत होते, पण सांगण्याची लाज वाटत होती. डॉक्टरांनी विचारले नाही, यांनी सांगितले नाही. या मौनाविषयीच आम्ही येथे लिहीत आहोत.

प्रोस्टेट, मूत्राशय किंवा गुदाशयाच्या कर्करोगासाठी ओटीपोटावर किरणोपचार देतात. त्यामुळे लिंगाला रक्त पुरविणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांना इजा होऊ शकते. ही इजा लगेच जाणवत नाही. ताठरता काही महिन्यांत, कधी दोन-तीन वर्षांत हळूहळू कमी होते. म्हणून अनेकांना तिचा उपचाराशी संबंधच लक्षात येत नाही. हा पुरुषत्वाचा दोष नव्हे, तो उपचाराचा परिणाम आहे.

त्यावरील उपाय पायरीपायरीने केले जातात. प्रथम गोळ्या. सिल्डेनाफिल ही गोळी १९९८ साली आली. मात्र छातीत दुखण्यावर नायट्रेटची गोळी घेणाऱ्यांनी ती घेऊ नये. रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो. त्यानंतर निर्वात पंप, मग लिंगात घ्यावयाचे इंजेक्शन. यांनीही गुण आला नाही तर शेवटची पायरी म्हणजे इम्प्लांटची शस्त्रक्रिया.

इम्प्लांटचे मुख्य दोन प्रकार आहेत. पहिल्यात वाकविता येणाऱ्या दोन कांड्या लिंगात बसवितात. दुसऱ्यात दोन नळ्या, वृषणकोशात छोटा पंप व पोटात द्रवाची पिशवी असते. पंप दाबला की ताठरता येते. हा फुगणारा प्रकार अमेरिकेत डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी १९७३ मध्ये पुढे आणला. आपल्याकडे मुंबईचे डॉ. रुपिन शाह यांनी कांड्यांचा भारतीय इम्प्लांट तयार केला. तो परदेशी इम्प्लांटपेक्षा स्वस्त आहे.

येथे काही गोष्टी नीट समजून घ्याव्यात. इम्प्लांटने इच्छा वाढत नाही. स्पर्शाची जाणीव मात्र सहसा कायम राहते. शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे संबंध टाळावे लागतात. जंतुसंसर्ग झाल्यास इम्प्लांट काढावा लागतो, म्हणून मधुमेहींनी साखर आधी आटोक्यात आणावी. पुढे इम्प्लांट काढला तरी पूर्वीची नैसर्गिक ताठरता परत येत नाही. त्यामुळे निर्णय पती-पत्नी दोघांनी मिळून घ्यावा. कोणी शस्त्रक्रिया नको म्हणून केवळ सहवासात समाधान मानले, तर तोही निर्णय तितकाच योग्य आहे.

अशा प्रश्नांची लाज बाळगू नये, हे आपल्याला नवीन नाही. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली, म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटल्यात यश आले नाही, कर्व्यांना दंड झाला. पण प्रश्न विचारण्याचा हक्क किती मोलाचा, हे त्यातून दिसले.

परभणीहून उपचारासाठी संभाजीनगरला वा मुंबईला जाणाऱ्या आपल्या बांधवांनी शेक सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे, "याचा आमच्या दांपत्यजीवनावर काय परिणाम होईल?" सोबत पत्नीला घ्यावे. नंतर त्रास झाल्यास जाहिरातीतल्या वैदूकडे न जाता मूत्ररोगतज्ज्ञाकडे जावे. विद्यार्थ्यांनीही हे वाचून घरातील वडीलधाऱ्यांचा संकोच कमी करावा, एवढीच आमची विनंती.